निर्दोष दिसणारे दूध

खऱ्याखोट्याची निवड झाली म्हणजे 'दुधाचे दूध आणि पाण्याचे पाणी झाले' असे आपण म्हणतो. विवेकी पुरुषाला आपण हंसाची उपमा देतो. कारण हंस दुधातून पाणी वेगळे करतो असा कविसंकेत आहे. या दोन्ही बोलण्यांच्या मुळाशी एक समजूत गृहीत धरलेली आहे, ती अशी की, दूध हे स्वभावतःच निर्दोष असते आणि दोष आलाच तर तो बाहेरून, पाण्याच्या रूपाने येतो. पाणी काढून टाकले की उरते ते शुद्धच. परंतु जो दोष पाण्यासारखा बाहेरून आलेला नाही, जो कासेतच जन्मला आहे, ज्याचा रंग दुधासारखाच शुभ्र आहे आणि जो पाहणाऱ्याच्या डोळ्यांना किंवा पिणाऱ्याच्या जिभेला सहसा कळत नाही, त्याचे काय करावयाचे? तेथे हंसाचाही विवेक थिटा पडावा. हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो एका गोठ्यात भेटला, आणि ज्याने तो विचारला त्याला त्या वेळी मला उत्तर देता आले नाही.

बेळगावहून पुण्याच्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर काकती लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचे हे जन्मगाव. त्यांचा जन्म १७७८ सालचा, आणि १८२४ साली इंग्रजांशी त्यांनी दिलेला लढा सर्वश्रुत आहे. आज या गावावरून हमरस्त्याची अहोरात्र वर्दळ चालू असते. पण पहाटेच्या वेळी गल्लीत शिरले की जुने काकती अजून जागे असलेले आढळते. ओल्या शेणाचा वास, वैरणीची सळसळ, चरवीत पडणाऱ्या पहिल्या धारेचा तो विशिष्ट आवाज. बेळगावच्या आसमंतातील अनेक घरांचा संसार म्हशीच्या पाठीवर उभा आहे. दिवाळीच्या पाडव्याला बेळगावात आणि कोल्हापुरात गवळी बंधू म्हशींची शिंगे रंगवून, गळ्यात माळा घालून त्यांना मिरवितात, ते या उपकाराचे स्मरण म्हणूनच.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी काकतीत एका परिचिताच्या घरी मुक्कामाला होतो. घरचे यजमान सत्तरीच्या घरातले. दावणीला दोन म्हशी. त्यांतली दुसऱ्या वेताची म्हैस त्यांची विशेष लाडकी. तिचे दूध दर सोमवारी तांब्याभर देवळात अभिषेकाला जात असे, रोज एक माप शेजारच्या घरी लहान मुलासाठी जात असे आणि उरलेले डेअरीला. म्हैस खाते-पिते, अंगाने सतेज. फक्त महिनाभरात दूध अर्धा-पाऊण लिटरने उतरले होते. पावसामुळे, वैरण बदलल्यामुळे असे होतेच, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. लाळ-खुरकताची लस टोचावयास आलेल्या पशुवैद्यांना यजमानांनी सहज ही गोष्ट सांगितली. त्यांनी पिशवीतून चार खोलगट वाट्या असलेली एक पाटी काढली, चारही सडांची थोडी थोडी धार एकेका वाटीत घेतली, तितकाच जांभळट द्रव त्यांत ओतला आणि पाटी हलके गोल फिरविली. तीन वाट्यांतले दूध पातळच राहिले. चौथ्या वाटीतले मात्र आमच्या डोळ्यांदेखत घट्ट होऊ लागले आणि अंड्याच्या बलकाभोवतालच्या पांढऱ्यासारखे लिबलिबीत होऊन वाटीच्या मध्याला गोळा झाले.

"मामा, मागच्या डाव्या सडात दगडी आहे. पण आतल्या आत," पशुवैद्य म्हणाले.

म्हाताऱ्याने वाकून कास चाचपली. पुन्हा चाचपली. मग ते म्हणाले, "कासेला सूज न्हाई, दुधात गाठ न्हाई, म्हस लाथ मारत न्हाई. हेच दूध मी देवाला घातलं, शेजारच्या पोराला दिलं. मला काय ठावं? मग माझं चुकलं म्हणायचं की न्हाई म्हणायचं?"

पशुवैद्य किंचित हसले आणि म्हणाले, "औषध मी सांगतो मामा. याचं उत्तर या पाव्हण्यांना विचारा." मी काही बोललो नाही. पुढील विवेचन हे त्या विलंबाचे प्रायश्चित्त समजावे.

प्रथम तो रोग काय आहे हे पाहिले पाहिजे. कारण वस्तुस्थिती न जाणता केलेली नीतिचर्चा पोकळ ठरते. ज्याला शेतकरी दगडी म्हणतात आणि पुस्तकात कासदाह म्हणतात, तो सूक्ष्म जंतूंमुळे होणारा कासेचा दाह होय. जंतू सडाच्या तोंडातून आत शिरतात. ते कधी धार काढणाऱ्याच्या हातावरून येतात, कधी एका म्हशीच्या कासेवरून दुसरीच्या कासेवर जातात, कधी गोठ्यातल्या शेणामुतातून आणि चिखलातून चढतात. रोग उघड झाला की कास सुजते, दगडासारखी टणक व गरम होते, दुधात गाठी किंवा रक्त येते आणि जनावर हात लावू देत नाही. ही अवस्था कोणालाही कळते. परंतु त्याआधी, आणि पुष्कळदा तिच्यावाचूनच, हा रोग सुप्त रूपाने आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने नांदतो. कास मऊ, दूध शुभ्र, जनावर शांत. आत मात्र दूध घडविणारी ग्रंथी हळूहळू झिजत असते. गोठ्यांची पाहणी करणाऱ्या पशुवैद्यांचा जगभरचा अनुभव असा की, उघड दगडीच्या एका जनावरामागे सुप्त दगडीची कित्येक जनावरे असतात, आणि दुधाचे नुकसानही उघड रोगापेक्षा या लपलेल्या रोगानेच अधिक होते.

म्हशीच्या बाबतीत फसगत होण्यास आणखी एक कारण आहे. तिच्या सडाचे तोंड गायीच्या मानाने घट्ट असते, त्यामुळे जंतूंना शिरकाव थोडा अवघड जातो. 'म्हैस काटक, तिला काय होते' ही लोकसमजूत यातूनच आली असावी. समजूत अर्धी खरी आहे आणि म्हणूनच पुरती घातक आहे. म्हशीची कास लोंबती, सड लांब. डबक्यात आणि चिखलात डुंबण्याची तिला आवड. शिवाय घट्ट सड पिळण्यासाठी अंगठा मुडपून, त्याच्या सांध्याखाली सड दाबून धार काढण्याची सवय पुष्कळांना असते. तिने सडाच्या आतील नाजूक अस्तराला इजा होते आणि जंतूंना आयता आसरा मिळतो.

वाटीत दूध का घट्ट झाले, याचेही कारण सांगण्याजोगे आहे. शरीरात जंतू शिरले की त्यांच्याशी झुंजण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात. निरोगी कासेच्या दुधातही त्या असतात, पण थोड्या. एका मिलिलिटरमध्ये त्या दोन लाखांहून अधिक आढळल्या की आत दाह असावा, असे मानण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. पाटीतल्या द्रवात साबणासारखे द्रव्य असते. ते या पेशी फोडते आणि त्यांतील केंद्रद्रव्य बाहेर पडून दूध चिकट होते. ही परीक्षा शाल्म आणि नूरलँडर या दोन संशोधकांनी १९५७ साली कॅलिफोर्नियात प्रसिद्ध केली. पुढे आपल्या शेजारच्या पाकिस्तानात, म्हशींच्या फैसलाबाद भागातील पशुवैद्यांनी तीच गोष्ट घरच्या कपडे धुण्याच्या पावडरीने साधून दाखविली. अर्धा लिटर पाण्यात सहा सपाट चमचे पावडर विरघळवून ते पाणी आणि दूध समभाग घ्यावे, मिनिटभर हलवावे आणि दूध घट्ट होते काय ते पाहावे. एवढेच.

आता म्हाताऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. जे ठाऊकच नव्हते त्याचा दोष लागतो काय?

आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार केलेला नाही असे नाही. अजाणता घडलेले पाप आणि जाणूनबुजून केलेले पाप यांत मनुस्मृतीने भेद केला आहे; प्रायश्चित्त कोणत्या पापाला आहे, याची चर्चा तेथे याच भेदावर उभी आहे. महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा तर याहून मार्मिक आहे. चोरीच्या खोट्या आळावरून त्यांना सुळावर चढविण्यात आले. पुढे त्यांनी धर्मराजाला विचारले की, हे कशाचे फळ? धर्माने सांगितले की, बाळपणी तुम्ही किड्यांना काडी टोचली होती. ऋषी संतापले. अजाण वयातल्या कृत्याला एवढी शिक्षा देणाऱ्या प्रत्यक्ष धर्मालाच त्यांनी शाप दिला, आणि चौदा वर्षे वयापर्यंतच्या कृत्याला पाप लागणार नाही अशी मर्यादा घालून दिली. अज्ञानाला क्षमा असली पाहिजे, हा या कथेचा एक अर्थ. दुसरा अर्थ मात्र आपण सहसा वाचीत नाही. मांडव्यांनी क्षमेला मर्यादाही घातली. चौदा वर्षांनंतर 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर पुरत नाही. कारण त्यानंतर मनुष्याला जाणून घेण्याची शक्ती आलेली असते.

माझ्या मते, प्रश्नाची किल्ली येथेच आहे. अज्ञान दोन प्रकारचे असते. एक, ज्याला जाणण्याचे साधनच नाही त्याचे. आपल्या आज्याच्या काळी सुप्त दगडी ओळखण्याचा सोपा मार्ग गोठ्यापर्यंत पोहोचलेला नव्हता. त्या काळच्या गवळ्याला दोष देणे म्हणजे किड्यांच्या कथेतल्या मुलाला सुळावर देणे होय. दुसरे अज्ञान, साधन हाताशी असता न पाहणाऱ्याचे. ते वरून अज्ञानासारखे दिसते. पण त्याच्या मुळाशी एक निवड असते. पाहिले तर कळेल, कळले तर सोसावे लागेल, म्हणून न पाहिलेलेच बरे, असा तो न बोललेला निश्चय असतो. ज्या दिवशी साधन दाराशी आले, त्या दिवशी गोठ्याचे बालपण संपले. त्या दिवसापर्यंत म्हातारा निर्दोष होता असे मी म्हणेन. त्या दिवसानंतर पुढल्या महिन्यात त्याने पुन्हा पाहिले नाही, तर मात्र तसे म्हणता येणार नाही.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप असा की, आपण दूध तापवून पितो. तापविल्याने जंतू मरतात. मग हानी कोणाची झाली? दूध तापविण्याची आपली रीत खरोखरच पुण्यप्रद आहे. तिने आजवर अगणित मुले वाचविली असतील. पण तापविण्याने सारेच जात नाही. दगडी उत्पन्न करणाऱ्या जंतूंपैकी एका जातीचे काही जंतू दुधात विष सोडतात. दूध धारेनंतर उबेत पडून राहिले की हे विष वाढते, आणि ते उकळण्याने नाहीसे होत नाही. रोगावर टोचलेल्या औषधांचा अंशही तापविल्याने पुरता निघून जात नाही, आणि पेनिसिलिन न सोसणाऱ्या माणसाला तो बाधू शकतो. शिवाय अभिषेकाचे दूध कच्चेच असते आणि तीर्थ म्हणून ते ओंजळीत घेतले जाते. पण या सर्वांहून मोठे उत्तर निराळेच आहे. हानीचा हिशेब करताना आपण फक्त पिणाऱ्याचा विचार केला. देणारीचे काय? दूध तापविल्याने म्हशीची झिजणारी कास बरी होत नाही. आपल्या अन्नापुरता दोष नाहीसा झाला म्हणजे दोषच नाहीसा झाला, असे मानणे हा मनुष्याचा जुना स्वार्थ आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. माझ्या एका सडाचे दूध शेकडो लिटरांत मिसळून जाते. त्या सागरात माझ्या थेंबाचे काय? दूध गावच्या केंद्रावर एका पिंपात जमते, तेथून टँकरमध्ये, तेथून शीतकेंद्रात. कोल्हापूरचा 'गोकुळ' दूध संघ १९६३ साली निघाला. अशा सहकारी संघांनी लहान शेतकऱ्याला दलालाच्या तावडीतून सोडविले, हे त्यांचे ऋण कोणीही मान्य करील. गावच्या केंद्रावर दुधाचा भाव ठरतो तो मुख्यतः स्निग्धांश आणि इतर घनपदार्थ यांवर. ज्याचा भाव मिळतो त्याची काळजी घेतली जाते. ज्याचे मोजमाप होत नाही त्याकडे दुर्लक्ष होते. मिसळण्याने दोष पातळ होतो हे खरे. पण तो पातळ झाला म्हणून जबाबदारी पातळ होत नाही. गावातील प्रत्येकाने असेच म्हटले तर पिंपात दुसरे काय राहील? थेंबाला सागरात स्वतःचे नाव उरत नाही, म्हणूनच थेंब सोडणाऱ्याने ते लक्षात ठेवावयाचे असते.

तिसरा आक्षेप गरिबाचा आहे, आणि त्याच्यापुढे मी मान तुकवितो. दोन म्हशींवर संसार चालविणाऱ्याने एका सडाचे दूध ओतून द्यावे, औषधाचा खर्च करावा, औषधाच्या दिवसांत दूध विकू नये, आणि त्याबद्दल त्याला चार आणे अधिक मिळू नयेत, हा कोणता न्याय? येथे दोष गवळ्याच्या दारातून उठून आपल्या दारात येतो. आपण शहरात बसून दूध स्वस्त मागतो. कोल्हापुरात म्हैस गिऱ्हाइकासमोर उभी करून धारोष्ण दूध देण्याची जुनी रीत आहे, आणि पंढरपुरी जातीची लांब शिंगांची म्हैस अनोळखी जागीही पटकन पान्हा सोडते म्हणून त्या कामी नावाजलेली आहे. गिऱ्हाईक तेथे का उभे राहते? पाणी घातले जात नाही ना, हे पाहावयास. म्हणजे डोळ्यांत तेल घालून आपण पाहतो ते आपले पैसे. कासेकडे आपली नजर जात नाही. घाटमाथ्यावरचे दूध घाट उतरून गोव्यातही जाते. तेथे पिशवी फोडणाऱ्या गृहिणीला या गोठ्याची काहीच कल्पना नसते. जो पाहण्याचा खर्च देत नाही, त्याला न पाहिल्याबद्दल गवळ्यावर रागावण्याचा अधिकार किती, याचा प्रत्येकाने आपल्याशी विचार करावा.

बेळगावकरांना येथे एका घटनेचे स्मरण होणे साहजिक आहे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष झाले ते हेच एकमेव अधिवेशन. त्याच दिवसांत तेथे गोरक्षा परिषदही भरली होती आणि तिचेही अध्यक्षपद गांधीजींकडे होते. दुधाविषयी गांधीजींची स्वतःची एक व्यथा होती. कलकत्त्याकडील गवळी गायी-म्हशींना किती यातना देतात याचे वर्णन दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांच्या वाचनात आले, आणि १९१२ साली त्यांनी दूध सोडले. पुढे १९१९ च्या आरंभी प्राण कंठाशी आले असता कस्तुरबांच्या सूचनेवरून ते शेळीचे दूध घेऊ लागले. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, शेळी नव्हती. पण आत्मकथेत त्यांनी स्वतःला क्षमा केलेली नाही. व्रताचे अक्षर राहिले आणि आत्मा गेला, अशी टोचणी त्यांनी तेथे मोकळेपणाने नोंदविली आहे. महत्त्वाचे हे की, त्या यातना त्यांनी स्वतः दिल्या नव्हत्या, किंबहुना पाहिल्याही नव्हत्या. दूरच्या गोठ्यात जे चालते त्याचा आपल्या वाटीशी संबंध आहे, एवढे कळले, आणि ते त्यांना पुरले.

दूध ओढून काढण्यासाठी केला जाणारा 'फुका' हा क्रूर प्रकार १९६० च्या प्राणिक्रूरताविरोधी कायद्याने दंडनीय ठरविला, आणि १९८२ च्या दुरुस्तीने दूध वाढविण्यासाठी टोचलेली अपायकारक द्रव्येही त्या कक्षेत आली. परंतु कायदा कृत्याला पकडतो. न पाहण्याला तो सहसा पकडीत नाही. ज्याने म्हशीला मारले त्याला शिक्षा होऊ शकते, ज्याने तिची कास सहा महिने तपासली नाही त्याला बहुधा होत नाही. कायद्याचा हात जेथे पोहोचत नाही तेथूनच धर्माचे क्षेत्र सुरू होते. गोरक्षेच्या उत्साहात म्हशीचा विसर पडतो, हेही सांगितले पाहिजे. आपल्या प्रांतात चहापासून कुंद्यापर्यंत बहुतेक दूध म्हशीचे. पूजा मात्र गायीची. ज्ञानेश्वरमाउलींनी पैठणला ब्रह्मवृंदासमोर रेड्याच्या मुखातून वेद वदविले, ही कथा आपण भक्तिभावाने सांगतो. तिच्यातला बोध चमत्कारात नाही. ज्याला आपण मुके आणि जड समजतो त्याच्या ठायीही तेच चैतन्य आहे, यात आहे. म्हशीच्या मुखातून वेद ऐकण्याची आपली योग्यता नसेल. तिची कास चार वाट्यांत जे बोलते, तेवढे ऐकण्याची तरी असावी.

मग करावयाचे काय? येथेही जुनाच एक विचार मार्गदर्शक वाटतो. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातील 'पंचसूना' सांगितल्या आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाच ठिकाणी रोज न कळत जीवहत्या होते. शास्त्रकारांनी 'न कळत होते, सबब दोष नाही' असे म्हटले नाही. आणि 'दोष आहे, सबब चूल विझवा' असेही म्हटले नाही. त्यांनी रोजची पाच कर्तव्ये सांगितली, ते पंचमहायज्ञ. अटळ आणि अदृश्य दोषाला उत्तर म्हणजे रोजचे, न चुकता केलेले, लहानसे कर्तव्य, असा हा थोर व्यवहारी विचार आहे. गोठा ही सहावी सूना मानली, तर तिचेही यज्ञ सांगता येतील, आणि त्यांना समिधा-तूप लागत नाही.

धारेपूर्वी हात साबणाने धुवावेत; सड धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडे करावेत, आणि एका म्हशीचे फडके दुसरीला लावू नये. अंगठा न मुडपता पूर्ण मुठीने धार काढावी. पहिल्या दोन-चार धारा काळ्या कापडावर घेऊन गाठी दिसतात का पाहावे. जमिनीवर सोडू नयेत. धारेनंतर सड आयोडीनच्या सौम्य द्रावणात बुडवावेत. सडाचे तोंड मिटावयास साधारण अर्धा तास लागतो, म्हणून वैरण धारेनंतर टाकावी, म्हणजे म्हैस तेवढा वेळ उभी राहील आणि ओल्या जमिनीवर बसणार नाही. दूषित सडाची म्हैस सर्वांच्या शेवटी पिळावी. महिन्यातून एकदा चार वाट्यांची परीक्षा करावी. औषध पशुवैद्यांच्या सांगण्याने आणि सांगितले तितके दिवस द्यावे. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये, आणि ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत दूध विकू नये. सुप्त दगडीवर औषध केव्हा करावे, धार चालू असता की म्हैस आटविताना, हेही त्यांनाच ठरवू द्यावे. यात अवघड असे काही नाही. अवघड आहे ते रोज करणे.

काकतीहून निघण्यापूर्वीची एक गोष्ट सांगून हे लांबलेले विवेचन आवरतो. पशुवैद्य गेल्यावर म्हातारे बराच वेळ दावणीपाशी बसून होते. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळी त्यांनी त्या एका सडाची धार निराळ्या भांड्यात काढून परसात खड्डा करून पुरली. शेजारच्या घरी जाऊन त्यांनी मुलाच्या आईला जे झाले ते सांगितले आणि काही दिवस दुसरीकडून दूध घ्यावयास विनविले. मग रिकामा तांब्या घेऊन ते देवळात गेले. मी बरोबर होतो. त्यांनी गुरवांना सारी हकिकत सांगितली आणि म्हणाले, "आजवर ठावं नव्हतं. आता ठावं झालं. म्हस बरी होस्तवर अभिषेकाला पाणी चालंल का?"

गुरव क्षणभर थांबले. मग त्यांनी तांब्या त्यांच्या हातून घेतला, विहिरीचे पाणी भरून आणले आणि म्हणाले, "चालतंय की, काका. घाला."

पाण्याची धार पिंडीवर पडू लागली. आदल्या दिवशी जे उत्तर मला सुचले नव्हते, ते या माणसाने तोवर आपल्या परीने देऊन टाकले होते. मी शब्दांनी त्यात काही भर घातली असेल असे मला वाटत नाही. वाचकांनी एवढेच करावे: आपल्या घरी दूध येते त्या गोठ्याची एकदा चौकशी करावी, कास तपासली जाते काय हे विचारावे, आणि तपासणाऱ्या गवळ्याने थोडा अधिक भाव मागितला, तर तो कुरकुर न करता द्यावा.